शिंबावंत कुलातील फुले आणि मकरंदग्रंथी

शिंबावंत कुल हे शेंगा धरणाऱ्या सपुष्प वनस्पतींचे कुल असून त्याचे शास्त्रीय नाव फॅबेसी आहे. लेग्युमिनोसी हे जुने नावही वनस्पतिशास्त्राच्या नियमांनुसार आजही ग्राह्य आहे. ऑर्किड कुल आणि सूर्यफूल कुल यांच्यानंतर जातींच्या संख्येने हे तिसऱ्या क्रमांकाचे कुल ठरते. त्यात सुमारे ७६५ प्रजाती व १९,५०० जाती मोडतात. (प्रजाती म्हणजे निकटच्या जातींचा गट, व्यवहारात हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात.) तूर, मूग, हरभरा, भुईमूग, चिंच, बाभूळ, पळस, बहावा, आपटा व गुलमोहर या सर्व वनस्पती याच कुलातील होत.

या वनस्पतींची शेंग सर्वसाधारणपणे एकाच घडणीची असली, तरी फुलांत विलक्षण विविधता आढळते. दीर्घकाळ फुलाच्या आकारावरूनच कुलाची विभागणी केली जात होती. जनुकीय क्रमांच्या अभ्यासानंतर असे दिसून आले, की फुलाचे बाह्य रूप हे नात्याचा जितका पुरावा देते, त्याहून अधिक पुरावा ते फुलाला भेट देणाऱ्या प्राण्यांचा देते. दूरच्या वनस्पतींची फुले एकसारखी आणि सख्ख्या वनस्पतींची फुले अगदी वेगळी असल्याची अनेक उदाहरणे या कुलात आहेत.

वर्गीकरणाचा इतिहास

जॉर्ज बेंथम यांनी १८६५ मध्ये या कुलाचे तीन मोठे विभाग मांडले. फुलपाखरासारख्या फुलांचा पलाश गट, पाच मोकळ्या, काहीशा असमान पाकळ्यांच्या फुलांचा शंकासुर गट आणि पुंकेसरांच्या गोंड्यासारख्या फुलांचा शिरीष गट असे ते तीन विभाग होत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात हीच मांडणी स्वीकारली. महाराष्ट्रातील वनस्पतींची ओळख करून घेणाऱ्या अनेक पिढ्या याच कोशावर वाढल्या. त्यामुळे तीन उपकुलांची मांडणी पाठ्यपुस्तकांत खोलवर रुजली आणि अनेक पुस्तकांत ती अजूनही आढळते.

या मांडणीतील दुबळा दुवा शंकासुर गट हा होता. पलाश गट व शिरीष गट यांना स्वतःची ठळक लक्षणे होती. शंकासुर गटात मात्र, या दोहोंत न बसणारे सारे काही ठेवले गेले होते. चिंच, आपटा आणि गुलमोहर ही झाडे त्यामुळे एका छपराखाली आली. प्रत्यक्षात त्यांचा परस्परसंबंध फार दूरचा आहे.

२०१७ मध्ये जगभरातील शिंबावंत-अभ्यासकांच्या गटाने ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. हरितलवकातील ‘मॅट-के’ या जनुकाच्या क्रमावर ते आधारलेले होते. त्यासाठी ६९८ प्रजातींतील ३,६९६ जाती, म्हणजे ज्ञात जातींपैकी सुमारे पाचवा हिस्सा, तपासण्यात आला. त्यानुसार कुलाची सहा उपकुले मानली जातात.

पॅपिलिओनॉइडी हे सर्वांत मोठे उपकुल असून त्यात सुमारे १४,००० जाती आहेत. सिसॅल्पिनिऑइडी उपकुलात सुमारे ४,४०० जाती असून पूर्वीचा शिरीष गट आता याच उपकुलातील एक शाखा मानला जातो. म्हणजेच गुलमोहर हा चिंचेपेक्षा बाभळीला अधिक जवळचा आहे. चिंच व सीताअशोक डिटॅरिऑइडी उपकुलात, तर आपटा व कांचन सर्सिडॉइडी उपकुलात येतात. डायलिऑइडी हे सुमारे ८५ जातींचे लहान उपकुल असून केरळमधील अतिदुर्मीळ डायलियम त्रावणकोरिकम ही त्यातील एक भारतीय जाती होय. सहाव्या, ड्युपार्क्वेटिऑइडी उपकुलात आफ्रिकेतील एकच जाती आहे.

दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रात आपट्याची पाने वाटली जातात आणि शमीचे पूजन होते. ही दोन्ही झाडे शिंबावंत कुलातीलच असली, तरी वंशवृक्षावर ती परस्परांपासून फार दूर आहेत. आपटा हा कुलाच्या आरंभीच्या काळातच वेगळ्या झालेल्या शाखेतील, तर शमी शिरीष शाखेतील आहे. या शाखा क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, एकमेकींपासून फुटू लागल्या असाव्यात असे अनुमान आहे.

फुलांची रचना

पलाश उपकुलातील नमुनेदार फूल पतंगरूप असते. पाच पाकळ्यांपैकी वरची सर्वांत मोठी पाकळी म्हणजे ध्वज. बाजूच्या दोन पाकळ्यांना पंख म्हणतात. खालच्या दोन पाकळ्या कडेने जुळून होडीसारखा नौकातल तयार होतो व त्यात पुंकेसर आणि अंडाशय झाकलेले असतात. मधमाशी पंखांवर बसली, की तिच्या भाराने नौकातल खाली दबतो आणि परागकोश तिच्या पोटाला स्पर्श करतात. कीटक निघून गेल्यावर वाटाण्यासारख्या फुलांत नौकातल पुन्हा जागेवर येतो. लसूणघास व करंज यांच्या फुलांत मात्र ताणून धरलेले पुंकेसर एका झटक्यात सुटतात व पराग उधळला जातो. असे फूल एकदाच ‘उडते’.

गोकर्णाचे फूल याच घडणीचे, पण उलटे असते. ध्वज खाली व नौकातल वर असल्यामुळे पराग भुंग्याच्या पोटाऐवजी पाठीवर लागतो. पाकळ्या त्याच असूनही फुलाच्या देठाचा पीळ परागणाची सारी रीत बदलतो.

नुसत्या बाह्य आकाराऐवजी कळीतील पाकळ्यांची मांडणी पाहिली, तर नाते अधिक विश्वासार्हपणे ओळखता येते. पलाश उपकुलातील सामान्य फुलांत वरची पाकळी इतर सर्वांच्या बाहेर असते. बहावा, गुलमोहर व कांचन यांच्या कळीत हीच पाकळी सर्वांत आत असते. शिरीष शाखेत पाकळ्या एकमेकींवर न चढता कडेला कड लावून असतात. हा फरक पाहण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही; उमलण्याच्या बेतातील कळी पुरते.

फुलपाखरासारखे फूल म्हणजे पलाश उपकुल हे समीकरण कुलाबाहेर तर साफ फसते. पॉलिगाला ही वनस्पती फॅबेलीस गणातील असली, तरी शिंबावंत कुलातील नव्हे. तिच्या फुलालाही दोन पंख व एक नौकातल असतो, पण ते पंख पाकळ्यांचे नसून निदलांचे असतात. वेगवेगळ्या अवयवांतून सारखे रूप घडण्याच्या या प्रकाराला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. उलट प्रकारही घडतो. काडिया या पलाश उपकुलातील झुडपाची फुले घंटेसारखी असून पाचही पाकळ्या सारख्या असतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ध्वजाची ओळख ठरवणारे जनुक या फुलात सर्व पाकळ्यांत कार्यरत झालेले आहे. म्हणजे ते फूल पूर्वजांचे साधे रूप टिकवून राहिलेले नसून, पाच ध्वजांचे नवे फूल आहे.

शिरीष शाखेत पाकळ्या अगदी लहान असतात आणि आकर्षणाचे काम लांब पुंकेसर करतात. अनेक फुले मिळून एक गोंडा तयार होतो व कीटक त्यालाच एक फूल समजून भेट देतात. शिरीष आणि पर्जन्यवृक्ष यांच्या गोंड्यातील मधले फूल इतरांपेक्षा मोठे व वेगळ्या घडणीचे असते. मकरंद मुख्यतः त्याच फुलात साठतो. भोवतालची फुले दिखाव्याचे व परागाचे काम करतात.

डिटॅरिऑइडी उपकुलात पाकळ्या गळून जाण्याकडे कल दिसतो. चिंचेच्या फुलात तीन पाकळ्या नीट वाढतात आणि दोन केसासारख्या उरतात. फलनक्षम पुंकेसरही तीनच असतात. सीताअशोकाच्या फुलात पाकळ्या मुळीच नसतात. त्याचा नारिंगी रंग निदलांचा असतो आणि मकरंद त्यांच्या खालच्या नळीत साठतो. बंगल्यांच्या कुंपणाला लावला जाणारा सरळसोट हिरवा अशोक हा या कुलातील नव्हे, तर सीताफळाच्या कुलातील आहे.

फुलातील मकरंदग्रंथी

मकरंद स्रवणाऱ्या पेशीसमूहाला मकरंदग्रंथी म्हणतात. शिंबावंत फुलांत ती बहुधा पुंकेसर आणि अंडाशय यांच्या मधल्या भागात, अंडाशयाच्या बुडाशी कड्यासारखी असते. पलाश उपकुलात दहापैकी नऊ पुंकेसर जुळून एक नळी होते आणि वरचा दहावा पुंकेसर मोकळा राहतो. या दहाव्या केसराच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दोन बारीक झरोके असतात व त्यांतूनच कीटकाची सोंड मकरंदापर्यंत पोहोचते. काही प्रजातींत दहावा केसरही नळीला जुळतो, तरीही बुडाचे झरोके राखलेले असतात. जेथे दहाही केसर पूर्ण जुळतात, तेथे पुष्कळदा मकरंदच नसतो. पुंकेसरांची जुळणी आणि ग्रंथीचे अस्तित्व ही दोन लक्षणे अशी एकमेकांशी बांधलेली आहेत.

शंकासुराच्या फुलात वरच्या पाकळीचा देठ गुंडाळून अरुंद नळी बनते आणि मकरंदाची वाट तिच्यातून जाते. लांब सोंडेची फुलपाखरे ती सहज वापरतात. पुढे आलेल्या लांब पुंकेसरांतील पराग त्यांच्या पंखांना लागतो.

कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या कावळा या वनस्पतीच्या पिवळ्या ध्वजावर दोन तांबडे ठिपके असतात. पर्यटकांनी तिला ‘मिकी माऊस’ हे नाव याच ठिपक्यांवरून दिले. मकरंदाची दिशा दाखवणाऱ्या अशा खुणांना मकरंददर्शक म्हणतात. कावळा ही स्मिथिया प्रजातीतील असून भुईमूग व शिसव यांच्या शाखेत मोडते.

मकरंद नसलेली फुले

बहाव्याचे फूल मकरंद देत नाही. ते फक्त पराग देते. त्याचे दहा पुंकेसर तीन प्रकारचे असतात. खालचे तीन लांब व वाकडे, मधले चार आखूड आणि वरचे तीन खुरटलेले. काळा भुंगा आखूड केसर धरून पंखांचे स्नायू थरथरवतो व त्यांतील पराग गोळा करतो. त्याच वेळी लांब केसरांतील पराग त्याच्या अंगावर त्याला पायाने सहज साफ करता न येणाऱ्या जागी पडतो आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतो. खाऊचा पराग वेगळा व बीजधारणेचा पराग वेगळा, अशी ही कामाची वाटणी आहे.

तरवड, टाकळा आणि कासविंदा या सेना प्रजातीतील जातींचीही फुले मकरंदहीन आहेत. मात्र त्यांच्या पानांवर मकरंदग्रंथी असतात. कासविंद्यात ग्रंथी पानाच्या देठाच्या बुडाशी, टाकळ्यात खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये, तर तरवडात जवळजवळ प्रत्येक जोडीमध्ये आढळते. या जाती ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण होय.

फुलाबाहेरील मकरंदग्रंथी

पान, उपपर्ण किंवा फुलोऱ्याचा दांडा यांवरील ग्रंथींचा परागणाशी संबंध नसतो. त्यांचा मकरंद मुंग्यांसाठी असतो. मुंग्या तेथे येत-जात राहिल्या, की पाने खाणाऱ्या अळ्या व इतर कीटक यांना आळा बसतो. मध्य अमेरिकेतील बाभळीची एक जाती मुंग्यांना काट्यांत घरही देते. डॅनियल जॅन्झन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुंग्या काढून टाकलेल्या झाडांचे मोठे नुकसान झाल्याचे दाखवून दिले.

अशा ग्रंथी कुलात एकदाच नव्हे, तर निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे उद्भवल्या आहेत. शिरीष शाखेत त्या पानाच्या देठावर वाटीसारख्या दिसतात. पांगाऱ्यात त्या पर्णिकांच्या बुडाशी असतात, तर बाकल्यात उपपर्णांवर काळसर ठिपक्यांच्या रूपात. चवळीच्या फुलोऱ्याच्या दांड्यावर त्या असल्यामुळे शेंगा धरण्याच्या दिवसांत मुंग्यांची रांग लागते. ही रांग रोगाचे लक्षण नव्हे. मात्र मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठीही येतात, त्यामुळे शेंडे उलटून पाहणे इष्ट ठरते.

पक्ष्यांसाठीची फुले

पळस व पांगारा ही झाडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने गाळून फुलतात. दोन्हींची फुले तांबड्या-नारिंगी रंगाची, जाड पाकळ्यांची व विपुल मकरंदाची असतात. पांगाऱ्याचा ध्वज खूप मोठा असतो आणि पंख व नौकातल आखडलेले असतात. मैना, बुलबुल, कोतवाल व शिंजीर यांची तेथे गर्दी होते. स्थलांतर करून येणाऱ्या भोरडीला मराठीत पळसमैना हे नाव मिळाले ते यामुळेच.

येणारा प्रत्येक पक्षी परागण करतोच असे नाही. पळसावरील २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात सात जातींचे पक्षी फुलांवर आढळले. परंतु परिणामकारक परागण त्यांपैकी एकटा जांभळा शिंजीर करीत होता. त्याच्या जोडीला खार हीदेखील परागवाहक ठरली. बाकीच्यांपासून झाडाला फारसा लाभ नसतो. पक्ष्यांना मात्र कोरड्या ऋतूत अन्न व पाणी दोन्ही मिळते.

पांगाऱ्याच्या प्रजातीत मकरंदाचे रसायनही परागवाहकाप्रमाणे बदलते. फांदीवर बसून रस पिणाऱ्या पक्ष्यांकडून परागण होणाऱ्या जातींत ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे, तर अमेरिकेतील गुंजनपक्ष्यांवर विसंबणाऱ्या जातींत सुक्रोजचे प्रमाण अधिक असते. वंशवृक्षावर ही माहिती मांडल्यावर असे दिसते, की बसणाऱ्या पक्ष्यांची रीत आधीची असून गुंजनपक्ष्यांची रीत तिच्यातून एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली. २००४ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या एका गाठमाशीमुळे आशिया व पॅसिफिक भागात पांगाऱ्याची अनेक झाडे खुरटली आहेत.

कडधान्यांची शाखा

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. पळस, पांगारा, तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, वाल, सोयाबीन या सर्वांचे पान तीन पर्णिकांचे असते आणि त्या सर्व वनस्पती एकाच शाखेतील आहेत. पळसाचे भडक फूल व मुगाचे लहान पिवळे फूल यांतील अंतर पाहता हे नाते सहज सुचत नाही. मात्र पानावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मेथीचे पानही त्रिदलच असते, पण ती हरभरा, वाटाणा, मसूर व लाख यांच्या शाखेत येते. या दुसऱ्या शाखेतील वनस्पतींच्या हरितलवकातील जनुकसंचाचा एक पुनरावृत्त भाग त्यांच्या समान पूर्वजातच नाहीसा झालेला आहे. पहिली शाखा मुख्यतः उष्ण कटिबंधातील, तर दुसरी समशीतोष्ण प्रदेशातील. खरीप व रब्बी कडधान्यांची वाटणी बऱ्याच अंशी हीच रेषा पाळते. कोकणात भातानंतर घेतले जाणारे वाल व चवळी हे त्याला अपवाद होत.

हरभरा, वाटाणा व मसूर यांत परागण बहुतांशी कळीतच उरकते. तुरीतही परागकोश कळीतच फुटतात, परंतु उमललेल्या फुलांवर भुंगे व पानकाप्या माश्या येत असल्यामुळे परपरागणाचे प्रमाण लक्षणीय राहते. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात. शेजारच्या शेतातील वाणाचा पराग मिसळल्याने घरचे बियाणे काही वर्षांत भेसळीचे होते. म्हणूनच बीजोत्पादनाच्या क्षेत्राभोवती विलगीकरणाचे अंतर राखावे लागते. दुसरीकडे, हाच गुण संकरित तुरीचा पाया ठरला. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या संशोधनातून १९९१ मध्ये आयसीपीएच ८ हा संकरित वाण आणि पुढे तुरीच्या रानटी नातेवाइकाचे पेशीद्रव्य वापरून आयसीपीएच २६७१ हा वाण तयार झाला. अशा बीजोत्पादनात नरवंध्य ओळींपर्यंत पराग नेण्याचे काम पूर्णपणे कीटकांवर सोपवलेले असते. फुलोऱ्याच्या काळातील अवेळी फवारणी शेंगा पोखरणाऱ्या अळीबरोबर या वाहकांनाही मारते.

नावांतील बदल

बाभळीचे पूर्वीचे शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका असे होते. अकेशिया प्रजाती एकाच वंशाची नसल्याचे स्पष्ट झाल्यावर ती विभागली गेली. २००५ मधील व्हिएन्ना आणि २०११ मधील मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांनी अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील जातींसाठी राखले. बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, तर खैर सेनेगालिया कॅटेचू झाला. मुळात जिच्यावरून ते नाव आले, त्या बाभळीलाच ते उरले नाही, आणि रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली. फरक ओळखणे अवघड नाही. बाभळीची फुले गोल गोंड्यात, खैराची कणसासारख्या मंजिरीत येतात. ऑस्ट्रेलियन बाभळीला खरी पाने नसून चपटे पर्णदेठ असतात आणि त्यांच्या बुडाशी एक मकरंदग्रंथी असते. २०२२ मध्ये प्रोसोपिस प्रजातीही अशीच विभागली गेली. शमीचे नाव कायम राहिले, परदेशी वेड्या बाभळीचे नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाले.

मुंबई उपनगरांतील उदाहरणे

कांदिवली पश्चिमेकडील चारकोप हा भाग जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने राबवलेल्या भूखंड योजनेतून १९८० च्या दशकानंतर वाढला. अशा नव्या उपनगरी वस्त्यांत रस्त्याकडेला लावलेली झाडे मोठ्या प्रमाणावर शिंबावंत कुलातील आहेत. त्यांतील गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष व गिरिपुष्प उष्ण अमेरिकेतील, तर सोनमोहर श्रीलंका व आग्नेय आशियातील आहे. बहावा, करंज व पांगारा ही देशी झाडे होत. त्यांचे बहर एकापाठोपाठ येतात. पांगारा व गिरिपुष्प हिवाळा सरताना, करंज, बहावा व सोनमोहर उन्हाळ्यात आणि गुलमोहर पावसाच्या तोंडापर्यंत. यांतील बहावा सोडल्यास बाकीच्यांकडून मकरंद मिळतो. म्हणून केवळ शोभेसाठी बहाव्याच्याच रांगा लावलेल्या रस्त्यावर शिंजीर व फुलपाखरे यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही, भुंग्यांची मात्र चंगळ होते.

चारकोपच्या पश्चिमेस मनोरी खाडीकडे खारफुटी पसरली आहे. तिवर व तिचे सोबती हे या कुलातील नव्हेत. मुंबईच्या खाड्यांकाठी खारफुटीच्या जमिनीकडील कडेला मात्र या कुलातील वनस्पती आढळतात. करंज भरतीच्या रेषेजवळ वाढतो व त्याच्या शेंगा पाण्यावर तरंगत जातात. करंजवेल ही डेरिस प्रजातीतील वेल तिवरांवर चढते. तिच्या प्रजातीतील वनस्पती मासे गुंगवण्यासाठी वापरल्या जात असत. करंज व करंजवेल ही दोन्ही पलाश उपकुलातील मिलेशिया गटातील असून मराठी नावातले नाते वंशवृक्षावरही खरे ठरते. किनाऱ्यावरील सागरगोटा काटेरी व पिवळ्या फुलांचा असून शंकासुराचा नातेवाईक आहे. त्याच्या टणक बिया समुद्रप्रवाहाबरोबर दूरवर जातात आणि सागरगोट्यांच्या खेळात वापरल्या जातात.